रेहाना, थोरली काय बोलते?

रेहाना,

तू चुकली होतीस असं मला अजूनही वाटतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. गेलेल्या माणसाशी वाद घालू नये असं आमच्याकडे म्हणतात, तुमच्याकडेही म्हणत असतील. पण आपलं भांडण अर्धवट राहिलंय. ते मला एकटीनं पुढे नेता येत नाही आणि सोडवतही नाही. वर्गात फळ्यावर समास लिहिता लिहिता हात थांबतो, आणि मी मनात तुला उत्तर देत असते. नववीची मुलं माझ्या पाठीकडे बघत बसतात. परवा एक मुलगी म्हणाली, "बाई, पुढचं उदाहरण?" मला कुठलंही उदाहरण आठवेना. मला फक्त तुझं ते आठवत होतं: "सुचेल म्हणजे काय गो? कधी सुचेल? कॅमेरा लावून झाल्यावर?"

आपली ओळखसुद्धा भांडणानंच झाली. पोलादपूरच्या आमच्या शाळेची एकांकिका महाडला होती. मी लिहिलेली, मीच बसवलेली. चित्रीकरणाला तुला बोलावलं होतं. तालीम संपल्यावर तू विंगेत आलीस, गळ्यात कॅमेरा, ओढणी कमरेला खोचलेली, आणि विचारलंस, "तुमची ती मुलगी कुठे रडणार आहे ते आधी सांगा. म्हणजे मी त्या बाजूला असेन."

मी म्हटलं, "ती रडेल की नाही, मलाच माहीत नाही. तिला आतून आलं तर रडेल."

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी लग्नाचं गिऱ्हाईक असून हॉलचाच पत्ता विसरले होते. "मग तुम्ही लिहिलंय काय?"

मला राग आला. प्रयोगात ती मुलगी रडली, भलत्याच जागी, भलत्याच बाजूला तोंड करून. तुझ्या चित्रीकरणात तिची फक्त वेणी दिसते. ती सीडी द्यायला तू स्वतः पोलादपूरला आलीस. खरं तर तुझ्या भावाच्या, इम्तियाजच्या हाती पाठवता आली असती. स्टाफरूमच्या दारात उभी राहून म्हणालीस, "वेणी छान आलीय." तेव्हापासून आपण मैत्रिणी.

मला तुझं हे ठरवून ठेवण्याचं वेड समजायला खूप वेळ लागला. आधी वाटायचं, लग्नाच्या धंद्याची सवय. तुझ्या अब्बांचा स्टुडिओ, पुढे तो तुम्ही दोघं भावंडं चालवायला लागलात. पुरुषांकडचं इम्तियाज काढायचा आणि बायकांच्या दालनात तू. महाडातलीच नव्हे, तर खाडीकाठच्या सगळ्या गावांतली मुसलमानांची लग्नं तुझ्याकडे यायची, कारण बायकांचं काढायला बाईच हवी आणि तशी तू एकटीच होतीस. तू मला सांगायचीस, "लग्नात रीटेक नाय. निकाह परत वाचत नाय कोणी." म्हणून तू आदल्या दिवशी जाऊन हॉल बघायचीस, खिडक्या कुठे, उजेड किती वाजता कुठल्या भिंतीवर, नवरी कुठल्या दारानं येणार. मार्चमध्ये चवदार तळ्यावर एवढा जनसागर लोटतो. तिथे काय ठरवणार, असं मी एकदा तुला हिणवून विचारलं. तू म्हणालीस, "एक जागा ठरवते. आणि दिवसभर तिथून हलत नाय. माणसं येतात समोर." मी म्हटलं, हे तर माझ्याच बाजूचं झालं, जे येईल ते घ्यायचं. तू म्हणालीस, "जागा माझी हाय ना?"

मग आपला सिनेमा. 'आपला' म्हणताना अजून जीभ अडखळते, कारण अर्धा वेळ आपण तो एकमेकींचा करून टाकत होतो. "तुझ्या सिनेमात काय ते कर." "तुझं स्क्रिप्ट, तूच निस्तर." गोष्ट मात्र दोघींना एकाच दिवशी सापडली होती. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या कुशीतल्या त्या वाडीत आपण अक्काला भेटलो तेव्हा. बहुतेक घरांना कुलपं. माणसं मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी दारं. अक्का एकटी अंगणात नाचणी वाळत घालत होती. समोरच्या बंद घराकडे बोट करून म्हणाली, "जाव ऱ्हायची माझी तितं. बोलत नव्हतो." एवढंच. वरून उतरताना तू जीपमध्ये एक शब्द बोलली नाहीस आणि मीही नाही. कापड्याच्या फाट्यावर दोघी एकदमच म्हणालो, "दोन जावा."

मी लिहिलं. ओस पडत चाललेल्या वाडीत उरलेल्या दोन म्हाताऱ्या जावा. बांधावरच्या फणसावरून कधीतरी अबोला धरला, नवरे गेले, मुलं गेली, फणससुद्धा पडला, अबोला तेवढा राहिला. एकमेकींकडे बघत नाहीत, पण एकीच्या चुलीतून धूर आला नाही तर दुसरीचं लक्ष लागत नाही. शेवटी धाकटीचं दार दोन दिवस उघडत नाही. थोरली अंगण ओलांडून तिच्या दारात येते.

आणि तिथे मी लिहिलं होतं: 'थोरली काहीतरी बोलते.'

तू कागद माझ्यासमोर आपटलास. "काहीतरी म्हणजे काय गो? वाक्य मोठं असेल तर ती दारात थांबून बोलेल. लहान असेल तर चालता चालता बोलेल. हळू बोलायचं असेल तर मला जवळ जायला हवं. तुझ्या काहीतरीवर माझा सगळा सीन उभा हाय."

"ते तिथे उभं राहिल्यावर सुचेल."

"सुचेल! नवरी म्हणते का, कबूल बोलायचं की नाय ते तिथे गेल्यावर सुचेल?"

"कितीतरी जणी मनात म्हणत असतील."

त्यावर तू एवढी हसलीस की चहा सांडला. पण वाक्य सोडलं नाहीस. पुढे सबंध चित्रीकरणभर, कुठल्याही दिवशी, कुठल्याही कामात असलीस तरी मध्येच मान वर करून विचारायचीस: "शुभा, थोरली काय बोलते?"

थोरली अक्काच करणार हे आपण न बोलताच धरून चाललो होतो. अक्का मात्र पहिल्यांदा नको म्हणाली. तू तिच्या पडवीत बसून तिला अख्खा सिनेमा सांगितलास. "तू इथून उठणार, इथे बघणार, इथे आम्ही तुझा चेहरा काढणार, इथे फक्त हात." मी कंटाळून अंगणात फिरत होते. मला वाटत होतं, हिला एवढं कशाला सांगायचं, बाई नैसर्गिक आहे, सांगून सांगून लाकूड करशील तिचं. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पदर पडला तर?" तू म्हणालीस, "पडला तर थांबायचं. मी ते ठेवणार नाय." तेव्हा ती हो म्हणाली. धाकटीच्या कामाला महाडच्या सुमनताई आल्या. अंगणवाडीतून निवृत्त, हौशी नाटकांत मुरलेल्या. त्या प्रत्येक शॉट संपला की तुला विचारायच्या, "रेहाना, झालं का गो?" आणि तू "झालं" म्हणेपर्यंत जागच्या हलायच्या नाहीत.

तुडीलचा दिवस आठवतो? थोरलीचं माहेर आपण सावित्रीच्या काठावर तुडीलला ठेवलं होतं. ती तिथे धक्क्याच्या पायरीवर बसते आणि भरतीचं पाणी तिच्या पायापर्यंत येतं, असा सीन. तू होडीवाल्यांना विचारून भरतीची वेळ काढलीस, अक्काला कुठल्या पायरीवर बसवायचं ते ठरवलंस, आणि आपण वाट बघत बसलो. पाणी चढायला लागलं. आणि पलीकडच्या चिखलावर मगर. महाडच्या बाजूला असतात हे ठाऊक होतं, पण इतक्या खाली मी कधी बघितली नव्हती. जबडा वासून उन्हात पडलेली, आणि अलीकडे पाठमोरी अक्का. मी अक्षरशः तुझा दंड धरला. "घे! रेहाना, घे ते!"

तू कॅमेरा जरा डावीकडे वळवलास. मगर बाहेर गेली.

"वेडी आहेस का तू? असं परत मिळणार नाही."

"म्हणूनच नको," तू म्हणालीस. "उद्या लोक बाहेर पडल्यावर म्हणतील, मगर काय दिसली! जावा कोणाच्या लक्षात राहणार?"

परतताना रिक्षात मी तुझ्याशी बोलले नाही. मला वाटत होतं, निसर्ग आपल्या दारात येऊन उभा राहिला आणि हिनं त्याला पत्ता विचारून परत पाठवलं. तुला सांगू? मगरीच्या बाबतीत तू बरोबर होतीस. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण एक दिलं की तू दुसरं मागायचीस.

पण अक्काच्या अंगणातलं? ते मी कधीच देणार नाही.

सीन साधा होता. अचानक सर येते. धाकटी घरात नाही, तिचे कपडे दोरीवर. थोरली धावत जाऊन कपडे काढते, पण तिच्या घरात न ठेवता बांधावर नीट घडी करून ठेवते आणि परत जाते. पावसासाठी पाण्याची फवारणी करायला वाडीतली दोन माणसं झाडावर चढवली होती. तू सगळं आखलं होतंस. अक्का धावली, दोरीवरचं सुमनताईंचं लुगडं काढलं, घडी घालायला लागली. आणि थांबली. लुगडं छातीशी धरलं आणि खाली अंगणात बसली. आधी वाटलं पाय घसरला. मग ती बोलायला लागली. कॅमेऱ्याशी नाही, आपल्याशी नाही, समोरच्या बंद घराशी. "यसोदे," म्हणाली. "मी आली नाय गो. तुला न्हेली तवा मी आली नाय."

यशोदा म्हणजे तिची खरी जाव. मुंबईला वारली. आपल्याला एवढंच माहीत होतं.

दीड वर्ष आपण ज्याच्या मागे होतो ते समोर घडत होतं, कोणी न लिहिलेलं, कोणी न आखलेलं. मी तुझ्या कानाशी पुटपुटले, "चालू ठेव."

तू बंद केलास. बटणाचा तो बारीक आवाज मला अजून ऐकू येतो. कॅमेरा तिथेच टाकून तू अंगणात गेलीस, पाणी थांबवायला हातानं खूण केलीस, अक्काच्या शेजारी ओल्या मातीत बसलीस आणि तिच्या हातातलं लुगडं सोडवून घेतलंस.

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर चहाच्या टपरीवर आपण भांडलो. लोक बघत होते. मी म्हटलं, तू कलावंत नाहीस, तू व्हिडिओवाली आहेस. तू म्हणालीस, हो, आहे. मी म्हटलं, सगळा सिनेमा एका बाजूला आणि तो क्षण एका बाजूला, तो खरा होता. तू म्हणालीस, "खरा होता म्हणूनच बंद केला. तिनं आपल्याला काय द्यायचं ठरवलं होतं? कपडे काढणं, घडी घालणं. यसोदा द्यायचं ठरवलं नव्हतं. न ठरवता माणसाच्या तोंडून पडतं ते उचलायचं नसतं, शुभा."

"मग कला कशातून होते?"

"मला नाय माहीत. पण चोरून होत नाय."

मी म्हटलं, जगातला प्रत्येक लिहिणारा चोर असतो. तू म्हणालीस, "तू शाळेत जा, उशीर होईल." रविवार होता, आणि मे महिन्याची सुट्टीही.

दुसऱ्या दिवशी अक्का वेळेवर आली, पदर खोचून. आखल्याप्रमाणे सीन केला. धावली, कपडे काढले, घडी घातली, बांधावर ठेवले, वर एक दगड ठेवला वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. तो दगड तिनं स्वतःच्या मनानं ठेवला होता. तू लगेच मला म्हणालीस, "बघितलंस? ठरवून दिलं की माणूस मोकळा होतो. मग त्याला दगड सुचतो." तो सीन चांगला आहे. सगळे म्हणतात. मीही म्हणते. पण मी त्याच्या आदला बघितलाय, रेहाना. तो बघितल्यावर दगडावर समाधान कसं मानू?

मग पावसाळा मध्ये आला, काम थांबलं. शेवटचा सीन राहिला. कापणीच्या दिवसांत करायचं ठरलं. तू आणि इम्तियाज वाडीत जाऊन कॅमेऱ्याच्या जागा बघून आलात, अक्काच्या अंगणात दगड मांडून खुणा करून आलात. सगळं तयार. फक्त माझं वाक्य नाही.

तुझा शेवटचा फोन त्यासाठीच होता. संध्याकाळी, मी भाजी निवडत होते.

"शुभा, थोरली काय बोलते?"

"ती म्हणते, बरं नाही का?"

"हे डॉक्टरचं वाक्य."

"दार का नाही उघडलंस?"

"पोलिसाचं."

"मला माफ कर."

"हे तर तुझ्या एकांकिकेतलं." आणि मग म्हणालीस, "ठेव आता. डोकं ठणकतंय."

मला वाटलं, माझ्या वाक्यांनी.

पहाटे इम्तियाजचा फोन आला. तुला मुंबईकडे नेत होते, माणगावच्या आधीच संपलं. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं नंतर कळलं. कधी, का, आधी काही कळलं असतं का, हे मी विचारलं नाही. कोणी सांगायला लागलं की मी उठून जाते.

तुमच्या घरी मी बायकांमध्ये बसले. बाहेर पुरुष तुला घेऊन गेले, आम्ही आतच. अम्मी माझा हात धरून होत्या, सोडत नव्हत्या. खोलीत एवढ्या बायका होत्या की भिंतीला टेकायला जागा नव्हती. आणि त्या सगळ्या एकेक करून अम्मींना एकच सांगत होत्या. माझं लग्न तिनं काढलं. माझ्या मुलीचं तिनं काढलं. एक तरुण बाई, कडेवर मूल, म्हणाली, "माझ्या लग्नात आदल्या दिवशी आली. मला विचारून गेली, तुझं काय काढू आणि काय नको. मला कोणी आधी काय विचारलंच नव्हतं, खाला. नवरा कसा हाय ते पण नाय. तिनंच पहिल्यांदा विचारलं." बायका रडत होत्या. मी रडत नव्हते. मला संताप आला होता. हे तू मला टपरीवर का नाही सांगितलंस? 'चोरून होत नाय' एवढंच म्हणून गप्प बसलीस. तू सगळं आखायचीस आणि वादात मात्र अर्धवट सोडायचीस. तुझा मुद्दा मला तुझ्या मयताच्या घरी दुसऱ्याच्या तोंडून कळावा? आणि कळला म्हणून पटलाच, असंही नाही. लग्न वेगळं, सिनेमा वेगळा. नवरीला तिची सीडी घरी ठेवायची असते. सिनेमा कोणाच्या घरचा असतो? बोल ना.

इम्तियाजच म्हणाला, शेवटचा सीन करूया. मला नको होतं. तू नसताना तुझ्या आखणीवर पाय ठेवून चालायचं, हे मला तुझ्या कपाटातले कपडे घालण्यासारखं वाटत होतं. पण अक्काचा निरोप आला: भात कापून झालंय, कधी येताव?

गेलो. इम्तियाज, सुमनताई, मी. वाडीत ऊन होतं, कापलेल्या भाताचा वास. अंगणात तुमचे दगड होते तिथेच होते. अक्कानं ते हलवू दिले नव्हते, सारवतानासुद्धा त्यांच्या भोवतीनं सारवलं होतं. इम्तियाजनं पहिल्या दगडावर कॅमेरा लावला आणि पाठ करून बराच वेळ लेन्स पुसत राहिला.

मी अक्काला म्हटलं, "अक्का, माझ्याकडे वाक्य नाही."

ती म्हणाली, "मंग?"

मी विचारावं की नाही असं करत विचारलं. तुझ्याकडून शिकले म्हणून नव्हे, मला दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. "तू काय म्हणाली असतीस?"

अक्का म्हणाली, "मी यसोदेला काय बोलली असती, ते इचारू नको. ते माझं हाय. ही थोरली काय बोलंल, ते बघू." जरा विचार करून म्हणाली, "ती बोलायची नाय. पेज घेऊन जायची."

"नुसती पेज?"

"दोन दिस दार बंद हाय. बोलून काय पोट भरतंय?"

आणि मला तिथे, त्या अंगणात, उभ्या उभ्या सुचलं. मी म्हटलं, "ती वाटी पुढे करते आणि म्हणते, 'मीठ कमी घातलंय.'"

अक्कानं मान हलवली. "धाकटीला कमी लागतं."

"हो. इतक्या वर्षांत ती ते विसरलेली नाही."

"हा," अक्का म्हणाली. "हे बरं हाय."

बघ, तिथे उभं राहिल्यावर सुचतं! मला हे तुला ओरडून सांगायचं होतं. आणि पुढच्याच क्षणी तुझा आवाज: पेज शिजवली कधी? आधी चूल नको का दाखवायला? तिच्या हातात वाटी, म्हणजे दार कुठल्या हातानं ढकलणार? तू नसूनही मला सोडलं नाहीस. आम्ही आधी चूल पेटवली, तांदूळ रटरटताना काढले, अक्का मीठ घालता घालता हात आवरते ते काढलं. इम्तियाज म्हणाला, "शुभाताई, आज तुम्हीच आपाजान झालात." तुला तो आपाजान म्हणायचा. मी चालून चालून पावलं बघितली. वाटी उजव्या हातात. वाक्य लहान आहे, तरी चालता चालता नाही, दारात थांबूनच. तुझं म्हणणं होतं लहान वाक्य चालताना. तेवढं मी बदललं.

मग सीन केला. दार उघडतं. धाकटी उभी, केस विस्कटलेले. थोरली वाटी पुढे करते. "मीठ कमी घातलंय." धाकटी वाटी घेते, दारातून बाजूला होते. थोरली आत जाते. असं ठरलं होतं आणि असंच झालं. त्याच्यापुढे सुमनताईंनी आत वळायचं, दार उघडं राहायचं, संपलं.

पण कोणी 'कट' म्हटलं नाही. इम्तियाजनं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. तो शब्द कायम तुझाच होता. सुमनताई आत वळल्या आणि दारातच थांबून राहिल्या, वाटी धरून. मग मान मागे वळवून, कॅमेऱ्याच्या दिशेनं बघून, अगदी सवयीनं म्हणाल्या, "रेहाना, झालं का गो?"

म्हटलं आणि त्यांनाच कळलं. त्यांचा हात तोंडावर गेला. आतून अक्का परत दारात आली, त्यांना धरलं, आणि दोघी उंबऱ्यातच बसल्या. पेज सांडली. इम्तियाजच्या हाताखाली कॅमेरा हलत होता, पण चालू होता. मीच म्हटलं नव्हतं थांबव.

स्टुडिओत बसून मी ते किती वेळा बघितलं, सांगत नाही. सबंध सिनेमात त्याच्या जवळपास जाईल असं काही नाही. दोन बायका, एक अभिनय करता करता थांबलेली, एक अभिनयातून परत आलेली, आणि मध्ये तू, दिसत नसलेली. माझं इतक्या वर्षांचं म्हणणं त्या एका शॉटमध्ये सिद्ध झालं होतं. मला तो ठेवायचा होता. लोकांना दाखवायचा होता. खरं सांगायचं तर तुला दाखवायचा होता.

मी सुमनताईंच्या घरी गेले, त्यांना लॅपटॉपवर दाखवला. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत बघितला. म्हणाल्या, "चांगलं दिसतंय. पण नको गो. तिथं मी धाकटी नव्हते."

मी वाद घातला. हो, घातला. म्हटलं, ताई, हा रेहानाचा शेवट आहे, लोकांना कळेल ती कोण होती. त्या म्हणाल्या, "लोकांना कशाला कळायला हवं? आणि अक्काला विचारलंस?"

अक्काला विचारायला मी परत वाडीवर गेले. ती भात पाखडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं. "त्या दिशी तिनं बंद केलान ना," ती म्हणाली, "म्हणून मी दुसऱ्या दिशी आली. नायतर येत नव्हती." आणि पुन्हा सूप उचललं.

बस्स. एवढंच बोलली. मी उतरणीला लागले. चालत खाली फाट्यापर्यंत आले, जीपची वाट बघितली नाही. रस्ताभर तुझ्याशी भांडत होते. तिनं सांगितलं म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. ती दुसऱ्या दिवशी आली नसती तर आपला सिनेमा झाला नसता, हे मान्य. पण तो क्षण झाला असता. एखाद्या क्षणासाठी सिनेमा गेला तर गेला, असं म्हणणारं कोणीतरी लागतं. ते मी आहे. तू दुसरी होतीस. आता दोन्ही मलाच व्हावं लागतंय, आणि ते मला जमत नाही, रेहाना, माझी फार ओढाताण होते.

काल दुपारी शाळा सुटल्यावर महाडला गेले. इम्तियाजनं मशीन लावलं. थोरली आत जाते, धाकटी वाटी घेऊन वळते, दार उघडं राहतं. तिथे मी थांबवलं. पुढचं कापलं. आता सिनेमा उघड्या दारावर संपतो, जसं तू ठरवलं होतंस. इम्तियाज म्हणाला, "हे बाजूला कुठे ठेवू का? आपल्यापुरतं?" तुझं नाव त्यात होतं, म्हणून विचारत होता.

मी नको म्हटलं. त्यानं पुसून टाकलं.

रात्री सुमनताईंना फोन करून सांगितलं, आणि विचारलं, "मी हे रेहानाला लिहू का? लिहिलं तर लोक वाचतील." त्या म्हणाल्या, "लिही. लिहिलेलं चालेल. वाचताना प्रत्येकजण आपापलं बघेल. मी कोणाला दिसणार नाही."